संध्याकाळी परत आणायचे घर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चोवीस जणांनी लोला पान्यांगचे घर खांद्यावर घेतले. चौथऱ्याचे दगड जागीच राहिले. त्यांवरचे खांब सुटले, बांबू करकरले, आणि निपाच्या पानांनी शाकारलेले छप्पर नारळांच्या बुंध्यांमधून हलत हलत रस्त्याकडे निघाले. मागून लोला पान्यांग चालत होती; लोला म्हणजे आजी, सगळे गाव तिला तशीच हाक मारी. तिच्या कडेवर देव्हाऱ्यातला सान विसेन्ते होता. लाकडी संताचा एक हात पूर्वीच मोडलेला होता.

"लोला, आत काय दगड भरलेत?" मागच्या बांबूखालून तेबान ओरडला.

"तुझ्या बापाची अक्कल ठेवलीय. जड लागत असेल तर दुसरं काहीतरी असेल."

चोवीस जण हसले, तसे घर एका बाजूला कलले. पुढच्या बांबूला हेल्यो होता, तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. त्याला तिनेच वाढवले होते; तो तिला तिया, म्हणजे मावशी, म्हणे. त्याने मान न वळवता लय मोजायला सुरुवात केली आणि घर सरळ झाले.

काबुलानान नगरपालिकेला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण होत होती. समारंभात घर उचलून नेण्याचा जुना रिवाज दाखवायचे ठरले, तेव्हा अडचण निघाली की गावात उचलण्यासारखे घर राहिलेले नाही. सगळी सिमेंटच्या ठोकळ्यांची. बाहेर कामाला गेलेल्या मुलींनी पैसे पाठवले आणि एकेक करून निपाची घरे पडली. किनाऱ्यावर लोला पान्यांगचे तेवढे उरले होते.

पर्यटन विभागाच्या चारितोबाई तीन वेळा तिच्याकडे आल्या. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली. नकाराचे कारण चारितोबाईंनाही ठाऊक होते. ती जमीन विल्यासेरान कुटुंबाची. लोलाचा नवरा चाळीस वर्षे त्यांची नारळबाग राखत होता. तो गेल्यावर जागा रिकामी करायला सांगायला माणसे आली, तेव्हा तालुक्याच्या एका वकिलाने तिला फुकट सल्ला दिला होता: घर उभे आहे आणि त्यात तुम्ही राहताय, तोवर कोर्टाशिवाय कोणी हात लावू शकत नाही. घर हलले की वहिवाट संपली. तेव्हापासून एकोणीस वर्षे लोला एक रात्रही बाहेर झोपली नव्हती. वादळात सगळी वस्ती शाळेत जाई. ती खांबाला कंबर बांधून घरातच बसे.

चौथ्या वेळी हेल्यो आला.

"एक दिवस, तिया. सकाळी नेतो, संध्याकाळी आणतो. पुढचा बांबू माझ्याच खांद्यावर असेल."

"आणि नाही आणलं तर?"

"मग मला त्यात कोंडून पेटवून दे."

"झापं महाग झालीत," ती म्हणाली. हेल्यो हसला, आणि ते होकारासारखे ठरले. कागद कोणी केला नाही. एका दिवसासाठी मागून नेलेल्या घराचा कागद काबुलानानमध्ये कधी कोणी केला नव्हता.

आठला वीस मिनिटे असताना घर चर्चसमोरच्या चौकात टेकले. मेयरनी भाषण केले. एकीचे बळ, पूर्वजांचा घाम, येणाऱ्या शंभर वर्षांतली प्रगती. शाळेच्या बँडने दोन गाणी वाजवली. मग नगरपालिकेतर्फे चोवीस जणांना एकेक पाकीट मिळाले. त्यात गोड पाव आणि सरबताची पिशवी होती.

माणसे सावलीत बसली. खांदे सोलवटले होते. कोणी पाकीट उघडले नाही, पोरांसाठी ठेवले.

"काय तिया," हेल्यो पायरीशी येऊन म्हणाला, "घर तुझं, खांदा आमचा, आणि पाव मेयरचा?"

बाकीच्यांनी हुर्यो केली. लोलाने पाकिटांकडे पाहिले. तिने कालच दोन कोंबड्या कापून आले लावून ठेवल्या होत्या, तांदूळ निवडून ठेवला होता. किनाऱ्यावर परत गेल्यावर सगळ्यांना खाऊ घालायचे, असा तिचा बेत होता. चूल घरातच होती, पातेलेही. तिने सान विसेन्तेला खिडकीत उभे केले आणि पदर खोचावा तशी झग्याची कड कमरेला गाठ मारून वर घेतली.

नऊच्या सुमारास चौकात धूर निघाला. आल्याचा वास बँडवाल्या पोरींपर्यंत गेला. कोंबडी घातलेली पातळ खिचडी तिने स्वतः वाढली, चोवीस वाट्या, वर तळलेला लसूण. तेबानने तीनदा घेतली. चारितोबाईंनी फोटो काढले.

"यांना नुसता पाव देऊन पाठवायचं म्हणजे काय," लोला त्यांना म्हणाली. "माणसं काय म्हणतील."

घर परत न्यायला चार वाजता यायचे ठरले होते, पण कोणी आले नाही. तेबान कोंबड्यांच्या झुंजीला गेला होता. हेल्योचा फोन बंद होता. चारितोबाई म्हणाल्या, उद्या फोटोंची स्पर्धा आहे, एवढा एक दिवस थांबा. लोलाने सान विसेन्तेला खिडकीतच ठेवले आणि ती चालत किनाऱ्याकडे निघाली. दीड किलोमीटरचा रस्ता.

घराच्या जागेभोवती सिमेंटचे खांब उभे होते आणि त्यांना काटेरी तार होती. तिने एका खांबाच्या बुडाला बोट लावले. बोटाला ओले सिमेंट लागले. आतले चौथऱ्याचे दगड उपटून एका कोपऱ्यात रचले होते. अनोळखी पहारेकरी खुर्चीवर बसून मक्याचे कणीस खात होता.

"आत जायचं नाही, लोला."

"माझं घर आहे इथं."

पहारेकऱ्याने वळून मोकळ्या वाळूकडे पाहिले. त्याने कणीस मोडून अर्धे तिच्यापुढे धरले. तिने ते घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला वस्तीच्या कप्तानापुढे, म्हणजे तिथल्या प्रमुखापुढे, बैठक बसली. कप्तान नेस्तोर तिच्या नवऱ्याचा मित्र होता. त्याच्या लग्नातले डुक्कर तिने भाजले होते. समोरच्या बाकावर विल्यासेरानांचा मुकादम सिप्रियानो होता. भिंतीपाशी हेल्यो उभा होता. त्याच्या पँटीला नवी इस्त्री होती.

"घर एका दिवसासाठी मागून नेलं होतं," कप्तान म्हणाला. "हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला एवढंच विचारायचंय, काप," सिप्रियानो म्हणाला. "उचलणाऱ्यांना जेवू कोणी घातलं?"

खोलीतला पंखा फिरत होता. काबुलानानमध्ये या गोष्टीला कधी कागद लागला नव्हता. घर मागून नेले, तर जेवण मागणाऱ्याने घालायचे. घर कायमचे हलवले, तर मालकाने नव्या जागी स्वतःच्या तांदळाचे वाढायचे. ते पोटात गेले की घर तिथले झाले. सिप्रियानो याच गावात वाढला होता.

"हेल्यो," कप्तानाने विचारले, "तू जेवलास?"

"जेवलो."

"कुठं?"

"चौकात. घरापुढं." त्याने पाय बदलला. "सगळेच जेवले, काप. मी एकटा नाही."

"तुला कोणी विचारलं, एकटा का म्हणून?"

लोलाने हेल्योकडे पाहिले नाही. ती पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती.

कप्तानाने वही पुढे ओढली, पेन उघडले आणि खुर्ची तिच्याजवळ सरकवली. तो हळू बोलला, पण खोली लहान होती.

"लोला, नीट आठवून सांगा. समारंभ नगरपालिकेचा. माणसं त्यांनी बोलावली, पाकिटं त्यांनी वाटली. तांदूळही त्यांनीच दिला असणार. तुम्ही फक्त शिजवून वाढलंत. वाढण्यानं काही होत नाही. असंच झालं ना?"

सिप्रियानो बाकावर पुढे सरकला. दाराशी बसलेल्या चारितोबाईंनी पटकन म्हटले, "नगरपालिकेला मान्य आहे. आम्ही दिला असं लिहिलं तरी चालेल." त्या पहिल्यांदाच तिच्या बाजूने बोलत होत्या.

लोला पान्यांगने बोटावरचा बंद सोडवला.

"कोंबड्या माझ्या होत्या," ती म्हणाली.

"कोंबड्यांचं नाही विचारलं. तांदूळ."

"तांदूळ माझा. आलं माझं. लसूणही माझा." तिने भिंतीकडे मान वळवली. "माझं घर खांद्यावर घेतलेल्या माणसांना मी दुसऱ्याच्या पोत्यातलं वाढलं, असं लिहिणार तुम्ही? उद्या तेबानच्या बायकोला कुठल्या तोंडानं भेटू?"

"लोला, लिहू द्या मला."

"ह्याला लहानपणापासून माझ्याच तांदळाचं घातलंय," ती म्हणाली. "विचारा."

हेल्यो भिंतीपासून निघाला आणि कोणाची परवानगी न घेता बाहेर गेला. फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला. कप्तानाने पेनाला टोपण लावले आणि तोडगा निघाला नाही एवढी एक ओळ पेन्सिलीने लिहिली.

प्रकरण तालुक्याच्या कोर्टात गेले. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्या तारखेला विल्यासेरानांच्या वकिलाने मुदत मागितली आणि चारितोबाईंनी काढलेले जेवणाचे अकरा फोटो दाखल केले. तेबान आणि आणखी सहा जणांनी किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलच्या बांधकामावर काम धरले आहे. हेल्यो दुसऱ्या पाळीला पहाऱ्यावर असतो, असे लोक सांगतात. लोला त्या बाजूला जात नाही.

ती चौकातल्या घरातच राहते. पाणी चर्चच्या नळावरून आणते. रविवारी प्रार्थनेनंतर बाहेरगावची माणसे घराभोवती बांधलेल्या दोरीपलीकडून फोटो घेतात, आणि काही जण पायरीवर चढून आत डोकावतात. ती जेवत असली तर ताट घेऊन मागच्या दाराशी जाते.

गेल्या गुरुवारी नगरपालिकेने ठराव क्रमांक बेचाळीस एकमताने मंजूर केला. त्यानुसार चौकातले निपाचे घर गावाचा वारसा ठरले असून ते जागेवरून हलवण्यास बंदी आहे. ठरावात घराची लांबी, रुंदी, खांबांची संख्या आणि छप्पर शाकारण्याची मुदत दिली आहे. आत राहणाऱ्या बाईचा उल्लेख नाही. कोर्टाची पुढची तारीख अजून लागलेली नाही.