पेपरमिंटची डबी कुणी नेली?

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची डबी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझं झाकण शंभरदा उघडून-मिटून पाहिलं. त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता, तर मी तरी कुणावर का ठेवावा? आतलं बाहेर कळू द्यायचं नाही, हाच डबीचा धर्म.

माझ्यात पेपरमिंटच्या गोळ्या असतात. आमच्या गावच्या चर्चमध्ये पाळकांचा उपदेश सुरू झाला, की बाकाबाकांवर गोळ्या फिरू लागतात. उपदेश लांबला तर दुसरी गोळी. तिसरी काढावी लागली, तर मग घरोघरी जेवताना पाळकांचं काही खरं नसतं.

येल्त्येला मी तिच्या लग्नात भेट मिळाले. पन्नासहून अधिक वर्षं दर रविवारी आम्ही त्याच बाकावर बसलो. येल्त्येच्या डावीकडे तिचा नवरा फोप्पे. एक गोळी त्याला, एक स्वतःला, आणि मग मला फोप्पेच्या काळ्या कोटाच्या खिशात सारायचं, कारण तिच्या रविवारच्या झग्याला खिसा नव्हता. लोक माझं कौतुक करत. मागच्या बाकावरची एक बाई तर इतकं करायची, की मला तिचाच संशय येई.

पुढे येल्त्येला स्मृतिभ्रंश झाला. आधी चाव्या हरवल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग सूपमध्ये मीठ घातलं की नाही तेही आठवेना. मला कुणी पुसेना, मी खणात काळी पडले. फोप्पे तिला आंघोळ घाली, तिचे केस विंचरी, दिवसातून दहादा दाराची कडी तपासी. 'तुला या घरातून कुठेही पाठवणार नाही,' असा शब्द त्याने दिला होता. पण सत्याहत्तर वर्षांचा माणूस तो, त्याचेच हात थरथरू लागले. मग मुलगी हिस्के स्पष्टच बोलली.

"बाबा, चर्चची माणसं मदतीला यायला तयार आहेत. तुम्ही त्यांना दारात उभं करणार नसाल, तर आईला शहरातल्या शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागेल. आईपायी तुम्हालाही गमवायचं नाहीये मला."

आमच्या चर्चची ती रीतच होती. गुरुवारी दुपारी चर्चमधलं एक माणूस अशा घरी दोन तास येऊन बसे, म्हणजे सांभाळणाऱ्याला जरा बाहेर पडता येई. आमच्याकडे रेन्स्के आली. ती निवृत्त टपालवाली, गावातलं दार न् दार तिला ठाऊक. मला नेमकं तेच खटकलं. फोप्पेलाही.

"फुकट काही मिळत नसतं," कोट चढवताना तो पुटपुटला.

"मिळतं की! माझी बडबड," रेन्स्के म्हणाली आणि त्याच्या रिकाम्या खुंटीवर तिने आपला काळा कोट टांगला. "निघा आता, हवा खाऊन या."

तो हवा खायला गेला तो कुंपणापर्यंत. तिथे उभा राहून स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन तास आत बघत राहिला. मला हे वागणं फार पटलं.

आत दोघी बटाटे सोलत होत्या. रेन्स्केने एक स्तोत्र गुणगुणायला घेतलं आणि येल्त्येने ते शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणून दाखवलं. स्तोत्र झालं म्हणजे आता उपदेश! तिने मला खणातून काढलं, एक गोळी रेन्स्केला दिली, एक स्वतः घेतली. रेन्स्के सालं टाकायला मागच्या दारी गेली, तेवढ्यात येल्त्ये उठून बोळात आली आणि फोप्पेच्या खुंटीवरच्या काळ्या कोटात मला सारून परत गेली. कुंपणावरून बोळ दिसत नाही.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. सायकलवरून हादरे खात मी रेन्स्केच्या घरी पोचले. म्हटलं, संपलं, ही आता मला विकणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खिशात हात घातला, "अगंबाई!" म्हणाली आणि तशीच सायकलवर बसली. पण तोवर फोप्पेने सगळे खण उलटेपालटे करून चर्चच्या पंचांपैकी विब्रेनला फोन केला होता, की तुमची परोपकारी बाई हात मारून गेली.

"ही तुमची डबी," रेन्स्के दारात म्हणाली. "येल्त्येताईंनीच माझ्या खिशात ठेवली असणार."

"वा! आता तिच्यावर ढकला. तिला काही आठवत नाही, ते तुमच्या पथ्यावरच पडलंय."

रेन्स्केचा चेहरा पांढरा पडला. तिने मला त्याच्या हातात ठेवलं आणि सायकल वळवली. मी तर सगळं पाहिलं होतं, तरी आपल्यासारख्याच संशयी माणसाच्या हाती परत आल्याचा मला आनंद झाला. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या गुरुवारी कुणी आलं नाही. त्यापुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात येल्त्येला आंघोळीनंतर उठवताना फोप्पेचा पाय घसरला आणि दोघंही फरशीवर पडली. लागलं नाही फारसं, पण अर्धा तास उठता येईना. येल्त्ये हसत होती आणि फोप्पे रडत होता. हिस्केने केंद्राचा अर्ज भरून टेबलावर ठेवला. खाली फक्त फोप्पेची सही व्हायची होती.

त्या रविवारी फोप्पे तिला चर्चमध्ये घेऊन गेला. रेन्स्केची नजर चुकवायला तो भिंतीकडे, येल्त्येच्या उजव्या हाताला बसला. डावीकडे विब्रेन येऊन टेकला. उपदेश सुरू होताच येल्त्येने मला उघडलं. एक गोळी फोप्पेला, एक विब्रेनला, एक स्वतःला. मग न बघताच तिने मला डावीकडच्या कोटाच्या खिशात सारलं. नवरा डावीकडे असतो, एवढं तिच्या हाताला अजून ठाऊक होतं.

विब्रेनने खिशात पाहिलं, मग फोप्पेकडे.

"आता मलाही चोर म्हणणार का रे?" तो कुजबुजला.

फोप्पेच्या गालात गोळी तशीच राहिली.

उपासनेनंतर सगळे कॉफीला जमले. बांधावरून शेजाऱ्याशी वीस वर्षं भांडलेला, चूक कधी कबूल न केलेला फोप्पे थेट रेन्स्केसमोर जाऊन उभा राहिला.

"मी तुम्हाला चोर म्हणालो. ते खोटं होतं. मला मदत हवी होती, पण ती घ्यायची लाज वाटत होती. म्हणून मी चोर शोधत बसलो."

रेन्स्केने कॉफी ढवळली.

"गुरुवारी येते. पण कोट बाहेर सायकलवरच ठेवीन."

"पावसात भिजेल की."

"भिजू दे. मला अजून राग आहे."

रेन्स्के येऊ लागली. हिस्केने अर्ज फाडला नाही, नुसता खणात ठेवला. फोप्पे आता खरोखरच बाहेर जातो. चर्चच्या मागच्या खोलीत घरी असं माणूस सांभाळणारे पाच-सहा जण जमतात, पत्ते खेळतात आणि पोटभर कुरकुरतात.

गेल्या गुरुवारी तो असाच परतला, तर येल्त्येने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि मला छातीशी घट्ट धरलं.

"रेन्स्के, हा कोण गं म्हातारा? लक्ष ठेव याच्यावर. माझी डबी लंपास करील."

रेन्स्के काही बोलणार, तोच फोप्पेने हात वर करून तिला थांबवलं. त्याने टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले होते.

"बरोबर आहे तुमचं, बाई. अनोळखी माणसावर लक्ष ठेवावंच. मी इथे दाराजवळ बसू का जरा?"

येल्त्येने पुष्कळ विचार केला.

"बस. पण हात दिसतील असे ठेव."

तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला. दिवेलागणीपर्यंत तसाच बसून राहिला.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणाला असा विसर पडत असेल, तर त्याला जपा आणि त्याला सांभाळणाऱ्यालाही जपा. मदत हवी का, असं त्याला विचारत बसू नका, तो नाहीच म्हणेल. सरळ दार वाजवा. पहिल्या गुरुवारी तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी तर मुळीच ठेवणार नाही. तरी दुसऱ्या गुरुवारी या.