बंद गीझरमधले गार पाणी

माझ्या पोटाखाली हरभऱ्याएवढा एक लाल दिवा आहे. तो पेटला की पाणी तापू लागते आणि दोन तासांत हात लावता येणार नाही इतके कढत होते. मित्रांनो, हा दिवा लक्षात ठेवा.

मी बसऱ्यातल्या एका घरातला जुना गीझर आहे. बगदादच्या एका कारखान्यात माझी ऐंशी लिटरची टाकी घडली. विजदानच्या लग्नाच्या वर्षी तिच्या नवऱ्याने, फालिहने, मला या न्हाणीघरात बसवले. हिवाळ्यात मी सगळ्यांचा लाडका असतो, पण माझा खरा मान उन्हाळ्यातला. तेव्हा गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की गार पाण्याच्या निळ्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून आमच्याकडे मे महिन्यात गीझर बंद करतात. घरातल्या सावलीत माझ्या पोटातले पाणी निवते आणि गरम पाण्याचा लाल नळ गार पाणी देऊ लागतो. विजदानच्या सात वर्षांच्या रुवाला यात काहीच नवल वाटत नाही. तिच्या लेखी उन्हाळ्यात लाल म्हणजे गार.

मला बंद केले की विजदान माझ्या बटणावर चिकटपट्टी लावते. यंदा ते राहूनच गेले.

ती शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीत मात्र दिवसभर दारे बंद, पडदे बंद, आणि वीज कधी असते, कधी नसते. जूनपासून ती पुन्हा पुन्हा न्हाणीघरात येऊ लागली. नळ सोडायची, पण पाण्याला हात लावायची नाही. पाण्याच्या आवाजाआड रडायची. मग डोळे पुसून पुटपुटायची, "उद्या सांगते घरच्यांना."

असे किती उद्या आले आणि गेले.

बाहेरून सासूबाईंचा आवाज येई. "झोप नाही, जेवण जात नाही! उन्हाळा काय तुझ्या एकटीच्याच दारी आलाय का गं?"

"सोड ना, यम्मा," फालिह आईला म्हणे. "सप्टेंबरात शाळा उघडली की बघ कशी तुरुतुरु पळेल!"

विजदानही हसे. ते हसू दारापलीकडून ऐकले की मला धास्ती वाटे.

ऑगस्टमध्ये दमट शर्जी वारा सुटला. एका दुपारी विजदान रडून बाहेर पडली आणि बल्ब बंद करायला तिने हात नेला. दाबले गेले शेजारचे बटण. माझा लाल दिवा पेटला.

मित्रांनो, एरवी वीज गेली की मी हिरमुसतो. त्या दुपारी ती जावी म्हणून मी तळमळत होतो. ती गेली नाही. मला ओरडता येत नाही, फार तर गुरगुरता येते. मी गुरगुरलो. कोणी आले नाही. दोन तासांनी रुवा आली, गुणगुणत, आणि तिने लाल नळ पूर्ण उघडला.

तिची किंकाळी ऐकून सगळे धावले. फालिहने तिला उचलून घेतले. सासूबाईंनी पिण्याच्या पाण्याचा अख्खा कॅन तिच्या हातावर हळूहळू ओतला. हात लालबुंद झाला होता, पण फोड आला नव्हता.

मित्रांनो, माझ्या अंगावर एक झडप आहे. आत दाब फार वाढला की ती आपोआप उघडते, म्हणून मी फुटत नाही. माणसाला अशी झडप नसते. त्याला तोंडानेच सांगावे लागते, आणि जवळच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. इतकेच माझे मागणे आहे.

सासूबाईंची नजर माझ्या दिव्यावर गेली. "ऑगस्टात गीझर? अगं विजदान, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नाही," विजदान म्हणाली.

कोणी हसले नाही. ती भिंतीला टेकून उभी होती.

"दोन महिने झाले, नाहीये. रोज उद्यावर ढकलत होते. फालिह, गाडी काढ. आधी रुवाचा हात दाखवू. आणि मग मला मनाच्या डॉक्टरांकडे ने. आजच."