तीन बोटं खाली

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं आणि फिटरने उंबऱ्यापाशी पट्टी टेकवली.

"मॅडम, तीन बोटं खाली. कालच्यासारखीच."

लिफ्ट कंपनीच्या सॉफ्टवेअर खात्यात सगळे तिला धाकटी म्हणत. लिफ्टच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर गेलं वर्षभर तीच सांभाळत होती. त्याआधी अकरा वर्षं ते मास्तरांकडे होतं. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण समजावायला बसले की उठायचं नाव घेत नसत, म्हणून ते मास्तर.

तिने फोन लावला. "मास्तर, तुमच्या मशीनवर बिल्ड करून पाठवता का? कोड तोच घ्या, कशाला हात लावू नका."

मास्तरांनी कोडवरून बिल्ड करून बनवलेली फाइल कंट्रोलरमध्ये चढवली. लिफ्ट तिसऱ्यावर थांबली ती मजल्याशी अगदी समतल. फिटरने दोनदा मोजलं.

"आता काय म्हणायचं? तुमच्या हाताला गुण नाही," तो म्हणाला.

ती हसली, पण गणित जुळेना. कोड एक, कंट्रोलर एक, लिफ्टही तीच. फरक फक्त कुणाच्या टेबलावर बिल्ड झाला एवढाच.

घरी जेवताना तिचं लक्ष नव्हतं. सासूबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तू केलंस की बिघडतं आणि त्यांनी केलं की जमतं? मग त्यांनाच करू दे की!"

"पण का, ते कळायला नको का?"

"ते मात्र कळायला हवं," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच विचारात पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. आकार वेगळे निघाले. तेव्हा तिला कंपायलरचा संशय आला. लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो तो. तिने स्क्रीनवर व्हर्जन विचारलं, उत्तर आलं नऊ. मास्तर म्हणाले, "माझंही नऊच. अकरा वर्षं नऊच आहे."

मग फरक आला कुठून? तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, जुन्या फाइली पुसल्या, पुन्हा बिल्ड केला. पुन्हा तीन बोटं खाली. आपण वेडे तर होत नाही ना, असं तिला वाटायला लागलं.

दुपारी तिने बिल्डची पूर्ण नोंद काढली आणि एकेक ओळ वाचत गेली. चाळिसाव्या ओळीला थांबली. तिथे कंपायलरपुढे बारा लिहिलं होतं. गेल्या महिन्यात दुसऱ्या प्रोजेक्टसाठी तिनेच नवा कंपायलर बसवला होता. हाताने विचारलं की जुना ओ देई आणि बिल्ड मात्र परस्पर नव्याकडे जाई, कारण बिल्डला कंपायलर शोधताना तोच आधी सापडत होता.

"सापडलं!" ती मास्तरांच्या टेबलापाशी धावली. "माझ्याकडे बारा लागत होता."

मास्तर खूश झाले नाहीत. "व्हर्जन बदललं म्हणून लिफ्ट खाली का जाईल? कोडमध्ये काहीतरी असणार."

दोघं कोड वाचत बसले. ब्रेक लागायला किती उशीर होतो, त्याची दुरुस्ती करणारा एक आकडा होता. त्याला सुरुवातीची किंमत कुणी दिलीच नव्हती. जुन्या कंपायलरमध्ये तिथे नशिबाने शून्य येत होतं, नव्यात वाटेल ते. ओळीपुढे मास्तरांचंच नाव होतं.

"अकरा वर्षं," मास्तर पुटपुटले. "आणि बोल मात्र तुला लागला."

तिने तो आकडा शून्यावर सुरू केला. मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच कंपायलर ठेवला आणि लिहून टाकलं: नऊ सोडून दुसरं काही सापडलं तर बिल्ड तिथेच थांबेल. तिच्या मशीनवर नीट चाललं. मग मास्तरांनी आपल्या मशीनवर बटण दाबलं.

बिल्ड थांबला. जुन्या सवयीने त्यांच्या सेटिंगमध्ये कंपायलर शोधायचा वेगळाच रस्ता घातलेला होता. स्क्रीनवर लिहून आलं: नऊ हवा, सापडला आठ.

धाकटीने त्या आठवर बोट टेकवलं.

"मग इमारतींमध्ये चालू आहेत त्या लिफ्टच्या फाइली कशाने बनल्या?" तिने विचारलं.

"मला वाटत होतं, मला माहीत आहे." मास्तरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कधी बघितलंच नाही गं."

त्यांनी ग्राहकांची यादी काढली. अर्धी तिने घेतली, अर्धी त्यांनी. प्रत्येक इमारतीला फोन करायचा, कंट्रोलरवरचा फाइलीचा क्रमांक विचारायचा, आणि लिफ्ट नि मजल्यामध्ये कुठे पायरी पडते का तेही. पहिल्या इमारतीच्या रखवालदाराला तिसऱ्यांदा सांगूनही कळेना की चालत्या लिफ्टची चौकशी ही बाई का करतेय.

"दादा, खरं सांगू?" धाकटी म्हणाली. "आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. तुम्ही फक्त पट्टी घेऊन दाराशी जाता का?"