नापास होण्याचा हट्ट

सीम ब्लोकडाइकची सायकल महापालिकेच्या ट्रकनं उचलून नेली, आणि तीही सीमच्याच तक्रारीवरून. पुलाच्या कठड्याला लोक सायकली बांधतात, रस्ता अडतो, म्हणून त्यानं महिनाभरात पाच वेळा फोन केला होता. अखेर एका सकाळी ट्रक आला आणि सगळी ओळ घेऊन गेला. ओळीतली तिसरी सायकल सीमची. "माझी दोनच मिनिटांसाठी होती," म्हणाला. त्या ओळीतल्या प्रत्येकाचं म्हणणं तेच असणार.

अॅमस्टरडॅमच्या स्टेशनाजवळ, कालव्याच्या काठी, माझं भाड्यानं सायकली देण्याचं दुकान आहे. सायकली भडक पिवळ्या, पुढे ताटाएवढी नंबराची पाटी. बाहेरून फिरायला आलेल्या पाहुण्यांना ती दुकानाची जाहिरात वाटते. खरं तर ती गावकऱ्यांसाठी सूचना आहे: सांभाळा, हा माणूस कुठेही वळेल, कुठेही थांबून फोटो काढेल. सीम निवृत्त ट्रामचालक. माझ्या गिऱ्हाइकांवर खेकसणं हा त्याचा सकाळचा व्यायाम.

असा हा माणूस एप्रिलमधल्या त्या सकाळी सव्वाआठला माझ्या दारात उभा.

"आन्स, एक सायकल दे. काळी."

"काळी एकच आहे, माझी. ती मी देत नाही. पिवळ्यांतली सत्तेचाळीस नंबर उरलीय."

"मी? पिवळीवर?"

"मग चालत जा. साडेआठला पोचायचंय ना?"

ते मला ठाऊक होतं, सगळ्या मोहल्ल्यालाच ठाऊक होतं. त्या दिवशी शाळेतल्या अकरा-बारा वर्षांच्या पोरांची सायकलची परीक्षा होती. पोरं एकेक करून गावातून सायकल चालवतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर अंगात हिरवं जाकीट घातलेला एक परीक्षक कागद घेऊन उभा असतो. पुलाजवळचा सिग्नल हा चौदा वर्षं सीमचा कोपरा. गेल्या वर्षी त्यानं चोवीसपैकी नऊ पोरं पाडली. आईबापांनी गिल्ला केला. तेव्हा मुख्याध्यापिका तेरपस्त्राबाई म्हणाल्या, "सीम, या वेळी एक मिनिट जरी उशीर झाला तरी कोपरा लूसला." लूस ही बालवाडीची निवृत्त बाई. सायकलवर बसून दिव्याचा खांब आला असता तर तिनं त्यालाही पास केलं असतं.

"हिचे ब्रेक हाताला आहेत बरं का," मी सांगितलं. "तुझ्या सायकलीसारखी पायडल उलटं मारून थांबणार नाही ती."

"साठ वर्षं सायकल चालवतोय. आता तू शिकव मला!"

तो निघाला. मी दारावर 'पंधरा मिनिटांत येते' अशी पाटी लावली आणि माझ्या काळीवर बसून मागोमाग निघाले. अशी करमणूक रोज मिळत नाही.

पिवळ्या सायकलवरच्या माणसाचं तोंड इथे कुणी बघत नाही. शाळेच्या वाटेवर त्याच्यावर मोजून बावीस घंट्या वाजल्या. त्याचा नेहमीचा मासेवाला ओरडला, "ए पाहुण्या, उजवीकडून!" दोन पोरं मागे बसवून निघालेली एक बाई त्याला घासून पुढे गेली.

"अहो बाई, मी इथेच जन्मलोय!" सीम किंचाळला.

बाईनं कौतुकानं मागे पाहिलं. "वा, आमची भाषा छान शिकलात की! कुठले तुम्ही?"

त्यानंतर सीम वाऱ्यासारखा सुटला. पुलाचा उतार आला. खाली सिग्नल लाल. पलीकडे तेरपस्त्राबाई, रांगेत उभी चोवीस पोरं, आणि हिरवं जाकीट हातात घेऊन वाट बघणारी लूस. चर्चच्या घड्याळात आठ एकोणतीस. सीमनं सवयीनं पायडल उलटं मारलं. ते गरगर उलटं फिरलं आणि सायकल मात्र आपल्या वाटेनं चालती झाली. लाल सिग्नल ओलांडून, पाववाल्याच्या गाडीला करकचून ब्रेक मारायला लावून, बुटांचे तळ घासत सीम थेट पोरांसमोर येऊन थांबला.

कुणी हसलं नाही. पोरांना सीमची भीती वाटत होती.

"लागलं नाही ना रे?" लूस मायेनं म्हणाली. "नवीन सायकल असली की होतं असं. पोचलास ना वेळेत? पास!"

सीमचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता गप्प बसेल, जाकीट घेईल आणि पोरांकडे वळेल. पण छे!

"पास? लाल सिग्नल मोडला मी! तुझे डोळे कुठे होते, लूस?"

"अरे, चुकून झालं..."

"चुकूनच होतं सगळं! पाववाला मेला असता म्हणजे? नापास लिही!"

"जाऊ दे ना, सीम."

"जाऊ दे कसं? नापास!"

पाच मिनिटं तो स्वतःला पाडण्यासाठी भांडला. शेवटी लूसनं सुस्कारा टाकून कागदावर त्याचं नाव लिहिलं आणि पुढे फुली मारली.

"ठीक," तेरपस्त्राबाई म्हणाल्या. "नापास माणसाला परीक्षक कसं करायचं? नियमानं त्यानं पुन्हा परीक्षा द्यायची. रांगेत शेवटी उभा राहा, पिमच्या मागे. लूस, जाकीट घाल."

स्वतःच्या वकिलीनं हरलेला माणूस मी प्रथमच पाहिला. तो पिवळी सायकल घेऊन पिम नावाच्या चष्मेवाल्या पोराच्या मागे गेला.

माझी पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती. मी हलले नाही.

फुली मारण्याची चव एकदा लागली की सुटत नाही. लूसनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, पेन्सिलला टोक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पोरांकडे निरखून पाहिलं. सगळ्यात शेवटी सीम आला. पाठ ताठ, हात काठीसारखा बाहेर. तो उतरून धावतच तिच्याकडे आला.

"मी?"

"पास. काठावर."

"आणि पोरं?"

"सात नापास."

सीमनं कागद हिसकावून बोट फिरवलं. ते एका नावावर थांबलं. "पिम? पिमला का पाडलंस? वळताना त्यानं मागे पाहिलं होतं."

"मला नाही दिसलं."

"मी त्याच्या मागेच होतो! त्यानं माझ्याकडेच पाहिलं! बिचारा केवढा घाबरला होता, लूस. जाऊ दे ना."

लूसनं कागद परत घेतला, नीट घडी केली आणि जाकिटाच्या खिशात घातला.

"कोपरा माझा आहे, सीम," ती म्हणाली. "बाजूला हो. वाट अडतेय."