गण राक्षस

रविवारी दुपारी गुहेच्या तोंडाशी उभा असलेला राक्षस टेबलावरच्या नकाशावरून खाली उतरला आणि खुर्ची ओढून शाल्मलीशेजारी बसला. नकाशावर तो अंगठ्याएवढा होता, खुर्चीत मात्र बरोबर मावला. उन्मेषनं आपला चहाचा कप जरा बाजूला सरकवला, तेवढंच.

"ताई, आता मी काय करायचं?" राक्षसानं विचारलं.

प्रश्न रास्त होता. सांगलीतल्या त्या फ्लॅटमध्ये शाल्मली दर रविवारी उन्मेष आणि सत्यजित या दोघा मित्रांना हा खेळ खेळवायची. ते शूर योद्धे व्हायचे, फासे टाकायचे आणि वाटेतल्या राक्षसाला मारून गुहेत शिरायचे. इंग्रजी नियमांचं मराठी तिनंच केलं होतं. मानव, यक्ष, राक्षस यांना ‘जात’ म्हणायला तिची जीभ रेटेना, म्हणून तिनं शब्द योजला ‘गण’. राक्षसगणापुढे लिहिलेलं असायचं, ‘जन्मतः दुष्ट’. या आठवड्यात नियमांची नवी आवृत्ती आली आणि त्यातून ते दोन शब्द गेले. शाल्मलीला फार बरं वाटलं होतं. पण राक्षसाचं पुढं काय, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

"आमच्यात खेळा की," ती म्हणाली.

"मग मारायचं कुणाला?" सत्यजितनं विचारलं.

"कुणालाच नाही."

"आणि गुहेपाशी कोण?"

नकाशावरची राखणदाराची जागा रिकामी होती आणि गुहेला ते सोसेना. समोरची भिंत हातभर पुढं आली. शोकेस टेबलाला टेकलं. छताला ओल सुटली, मग खडक आला, मग ते खाली यायला लागलं.

"पंखा बंद कर," उन्मेष म्हणाला. पंख्याचं पातं त्याच्या केसांना लागत होतं.

शाल्मलीची आई साबुदाणावड्यांची ताटली घेऊन अंग चोरून आत शिरली. राक्षस खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. तिनं त्याच्या हातात वडा ठेवला. सुळ्यांमुळे त्याला चावता येईना, तेव्हा त्यानं तो चहात बुडवून खाल्ला.

"इतकी वर्षं गुहा राखली," तो आईला म्हणाला, "पण आत काय आहे ते बघितलं नाही. त्याआधीच मारायचे."

आईला गलबलून आलं. आता पाहुणा अवघडला की त्याच्याशी कुठून तरी नातं लावायचं, ही तिकडची रीतच आहे. गाव जुळलं नाही तर मावळण तरी जुळतेच. आई त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "परकं नका समजू ओ. आमच्या शाल्मलीचा पण गण राक्षसच. पत्रिका बघून ठरत आलेलं लग्न मोडलं पोरीचं. तुमच्यातलीच की ती!"

भिंती थांबल्या. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

शाल्मलीची खुर्ची रिकामी होती. ती नकाशावर गुहेच्या तोंडाशी उभी होती. हातात कुऱ्हाड होती आणि ती खाली ठेवता येत नव्हती. वर मित्रांचे चेहरे होते, भलेमोठे आणि ओळखीचे.

"ती शाल्मली आहे," उन्मेष म्हणाला.

"दिसतंय मला," सत्यजित म्हणाला.

"अरे, पण नियम बदललाय ना?"

"नियम नवा आहे. गुहा जुनीच आहे."

शोकेस आणि भिंत यांच्यामध्ये आई चेपली गेली होती. "लवकर काय ते करा रे," ती म्हणाली. "श्वास घ्यायला होत नाही मला." राखणदारावर वार झाल्याशिवाय गुहा कधीच कुणाला मोकळं करत नसे. हे शाल्मलीला ठाऊक होतं, कारण खेळ तीच तर चालवायची.

"टाका फासा," ती खालून ओरडली.

पहिला डाव नव्या खेळाडूचा असतो. सत्यजितनं वीस बाजूंचा फासा राक्षसाच्या हातात दिला. त्यानं तो कधी हातात धरला नव्हता. त्यानं तो उलटसुलट करून बघितला.

"किती पडले की माणूस मरतं?" त्यानं विचारलं.

"वीस. त्याच्या आत नुसतं खरचटतं."

राक्षसानं डोळे मिटले आणि देवाला फूल वाहावं तसा फासा हळूच सोडला. शाल्मलीला तो रांजणाएवढा दिसला. दगडधोंड्यांवरून गडगडत तो खाली आला, तिच्या पावलावर आदळला आणि तिथंच टेकून तिरका उभा राहिला. एका अंगाला वीस होते, दुसऱ्या अंगाला दोन.

आईच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"ताई," राक्षस म्हणाला, "पाय हलवू नका."

शाल्मलीच्या पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या.