तंबोरा जुळेपर्यंत

विश्वेश्वरअण्णा तंबोरा जुळवायला बसले की बेंगळुरूची मराठी मंडळी भक्तिभावानं माना डोलवायची. अर्धा अर्धा तास खुंट्या पिळणारा गवई! "केवढी ही सुराची चाड!" असं म्हणत लोक मध्येच कॉफीसुद्धा पिऊन यायचे. आता यांना कोण सांगणार, की तंबोरा केव्हाच जुळलेला असायचा? पुढचा सगळा वेळ अण्णा नुसते घाबरत बसायचे.

हुबळीला एकदा भर मैफलीत पहिलाच सा फाटला, तेव्हापासून ही भीती मानगुटीवर बसली होती. बायको, शिवलीला, म्हणायची, "डॉक्टरांना तरी सांगा हो." पण गवयानं भीती वाटते म्हणायचं? छे! घसा बसला म्हणावं. घशाच्याच नावानं अण्णांनी मागच्या मैफली रद्द केल्या होत्या. आज येलहंक्याच्या मराठी मंडळातही गाता आलं नाही, तर गाणं कायमचं बंद करायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आणि नेमका तिथे अजित कडमडला. मंडळाचा नवा चिटणीस, पुण्याहून आलेला कॉम्प्युटरवाला. उत्साह तर असा की विचारू नका! त्यानं मंचावर एक डबा आणून ठेवला.

"अण्णा, सरप्राइज! इलेक्ट्रॉनिक तंबोरा. बटण दाबलं की सूर रेडी. तुमचा सगळा वेळ वाचला!"

दाबलंसुद्धा मेल्यानं. डबा अगदी चोख सुरात वाजायला लागला. जुळवायला म्हणून काही उरलंच नाही. सभागृह चिडीचूप, तबल्यावर देवाप्पा तयार. अण्णांचा हात सवयीनं घशाकडे गेला, खोकलाही ओठांवर आला, आणि एकदम त्यांना स्वतःचाच संताप आला.

"घसा ठणठणीत आहे माझा," ते माईकवर म्हणाले. "भीती वाटतेय. दर वेळी वाटते."

पुढच्या रांगेत निपाणीच्या भागुबाई बसल्या होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "मग स्वल्प थांबा की! आमास्नी कुठं घाई हाय?"

लोक हसले. अण्णाही हसले, आणि हसता हसताच त्यांनी सा लावला. चांगलाच थरथरला तो. पण कुणी उठून गेलं नाही. मग दुसरा बरा लागला, तिसरा त्याहून बरा, आणि पुढे यमन असा काही रंगला की तो संपला तरी अजित डबा बंद करायला विसरला.

मैफल संपल्यावर अण्णा आतल्या खोलीत आले, तर मागोमाग देवाप्पानं येऊन दार लावून घेतलं. मंचावर राजासारखा बसणारा हा गडी, आता जमिनीकडे बघत उभा.

"अण्णा, मी प्रत्येक कार्यक्रमाआधी ओकतो. घरी पित्त म्हणून सांगतो."

"अरे, इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसतोयस माझ्या!" अण्णांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कधी बोलला नाहीस ते?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?" देवाप्पा म्हणाला.