पैकीच्या पैकी

म्हातारपणीच्या विस्मरणावर प्रबंध लिहिणाऱ्या बाईच्या घरी वडिलांची स्मरणशक्ती पैकीच्या पैकी असावी, याचा मला भारी गर्व होता. माझे अप्पा, शेषगिरीराव, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही दोघंच. मी दिवसभर म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारत गावभर फिरायची, अप्पा झोपाळ्यावर बसून असायचे.

परदेशातून आलेली मूळ प्रश्नावली इथे काही कामाची नव्हती. आपण कितव्या मजल्यावर आहोत, असं विचारलं की कौलारू घरातल्या आज्या मलाच वेडी समजून हसायच्या. महिना कोणता, या प्रश्नाला तर आमच्या मराठी घरांत दोन उत्तरं. घरात मार्गशीर्ष, उंबऱ्याबाहेर तमिळ मार्गळि. दोन्ही बरोबर धरायची, हे त्या परदेशी पंडितांना कोण सांगणार? म्हणून प्रश्न मीच नव्याने बांधले आणि प्रत्येक सुधारणा आधी अप्पांवर करून पाहिली. निरोगी माणसाचं माप म्हणजे आमचे अप्पा.

तीन शब्द लक्षात ठेवायचे: वांगं, किल्ली, नंदी. शंभरातून सात सात वजा करत जायचं. अप्पा धडाधड सांगायचे आणि वर मलाच विचारायचे, "मार्क किती, भारती?"

"पैकीच्या पैकी, अप्पा."

तेवढंच आमचं बोलणं. मग मी कागदांत डोकं घालायची. गल्लीत नुकतीच केबल आली होती. शेजारच्या टीव्हीवरची माणसं भांडायची, हसायची, तेवढाच काय तो आमच्या घरात आवाज.

एक दिवस मद्रासहून माझे मार्गदर्शक नटराज यांचा फोन आला. दुसऱ्या फेरीला शब्द आणि आकडे बदला, म्हणाले, माणसं उत्तरं पाठ करून ठेवतात. मला हसू आलं. ज्यांना सकाळची फिल्टरची कापी प्यायलेली आठवत नाही, ते पाठ काय करणार, कपाळ! तरी सांगितलं म्हणून बदलले आणि नेहमीप्रमाणे आधी अप्पांना घेऊन बसले. आता शब्द होते विहीर, दिवा, चप्पल. वजाबाकी नव्वदातून.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी," अप्पांनी सुरुवात केली.

"शंभरातून नाहीं अप्पा, नव्वदातून."

"त्र्याण्णव, शहाऐंशी!" त्यांचा आवाज चढला.

"बरं. आणि ते तीन शब्द?"

"वांगं, किल्ली, नंदी." ते मोठ्या ऐटीत माझ्याकडे पाहत राहिले. "मार्क किती?"

मी कागद उलटा ठेवला. "पैकीच्या पैकी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. अप्पा रोजच त्या वेळी पुटपुटत असायचे, संध्या करतात असं मी धरून चालले होते. त्या दिवशी दाराआड उभी राहिले. वांगं, किल्ली, नंदी. त्र्याण्णव, शहाऐंशी. अडले की पुन्हा पहिल्यापासून. जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतलेला माणूस आता स्वतःचं डोकं घोकून शाबूत ठेवू पाहत होता, आणि तेही एकट्याने, माझ्यापासून लपवून. मला भयंकर राग आला. आधी त्यांचा, मग माझा. इतकी भीती वाटत होती तर सांगायचं नाही का? पण सांगणार कधी? मी त्यांना दुसरं काही बोलायला जागाच ठेवली नव्हती. पदर तोंडात कोंबून रडले.

निरोगी माणसांच्या यादीतून मी अप्पांचं नाव काढून टाकलं. त्यांना प्रश्न विचारणंही बंद केलं. संध्याकाळी कागद न घेता त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर जाऊन बसू लागले. आधी आधी ते परीक्षेची वाट पाहायचे. मग तेही विसरले.

पोंगल होऊन गेलं होतं. एका संध्याकाळी मी कापीचा पेला त्यांच्या हातात दिला. "निवली आहे, प्या."

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला. या तमिळ गावात अनोळखी तोंडून मराठी कानावर पडलं की आमची माणसं जे पहिलं विचारतात, तेच त्यांनी मला विचारलं.

"अम्मा, तुम्ही मराठी बोलतां? कुणाच्या घरच्या?"

"शेषगिरीरावांच्या," कशीबशी म्हणाले.

"म्हणजे आमच्याच कीं! मग आमच्या भारतीला ओळखत असाल. फार शिकलेली आहे." ते माझ्याकडे झुकले आणि आवाज अगदी खाली आणला. "रोज माझी परीक्षा घेते. तिला सांगूं नका अम्मा, मला कांहीं आठवत नाहीं."

"नाहीं सांगणार," मी म्हणाले.

"सरि, बरं झालं," अप्पा म्हणाले, आणि निश्चिंतपणे कापी प्यायला लागले.